टिटवीचा नमस्कार

आनंदराजचा नेट गेला, तेव्हा रुद्राणीनं कानावरचा हेडफोन काढला आणि शेजारच्या पितळी घागरीच्या गळ्यात अडकवला.

"गेला," ती म्हणाली.

गल्ल्यावर बसलेल्या अमृतअप्पांनी चष्म्यावरून लेकीकडं बघितलं. "कोण गेलं गं? दिवेलागणीच्या वेळी जरा चांगलं बोलावं."

"मुखेडचा आनंदराज. विमान धावपट्टीवरून उचलायच्या आत पाडलं त्याला. परत आला, परत पाडलं. मग म्हणला, ताई, माझा नेट गेला."

"मग येईल की. वाऱ्यावावधानात जातंच कधीमधी."

"अप्पा, ज्याचा नेट असा जातो, त्याचा परत येत न्हाई."

लातूरच्या गंजगोलाईत अमृतअप्पांचं भांड्यांचं दुकान होतं. पुढं स्टील, मधे तांबं-पितळ, आणि अगदी मागं, माळ्याच्या जिन्याखाली, रुद्राणीचा कॉम्प्युटर. लग्नसराई सोडली तर दुपारच्या वेळी भांड्यांच्या दुकानात माशीसुद्धा पाहुण्यासारखी येते. त्या वेळात रुद्राणी मालाचं बघून घ्यायची आणि मग आभाळात जायची. 'थंडरबेल्ट' नावाचा तो गेम. आपण एका लढाऊ विमानात बसायचं, आपल्या बाजूनं पाच जण, समोरून पाच जण, खाली डोंगर, नद्या, ढगांचे पुंजके. कानात साथीदारांचा आवाज. समोरचे पाच कुठल्या गावचे, कुठल्या देशाचे, देव जाणे. मागून कोण आलं हे कळायच्या आत आपल्या शेपटाला आग लागलेली असते. शिकायला महिने लागतात आणि सोडायला एक संध्याकाळ पुरते. जुने खेळाडू नव्यांना झाडाखाली पडलेल्या बोरांसारखे वेचतात, आणि मग तेच जुने तक्रार करत बसतात की हल्ली खेळायला कुणी मिळत नाही.

रुद्राणीच्या पथकाचं नाव टिटवी. आभाळ पडेल म्हणून टिटवी पाय वर करून झोपते म्हणतात. पथक काढलं तेव्हा सगळे हसले होते, पण नाव चिकटलं. एकेकाळी टिटवीत दहा-बारा जण होते. मग कुणाला पुण्यात नोकरी लागली, कुणाचं लग्न झालं, कुणाचा कॉम्प्युटर पोराच्या अभ्यासाला गेला. आता उरले तिघं. रुद्राणी स्वतः, नांदेडच्या जिल्हा परिषदेतला विनोद आणि उदगीरचा महांतेश, ज्याचं बी-बियाणांचं दुकान होतं आणि ज्याची जीभ मिरचीच्या बियाण्यातनं उगवली होती.

नांदेडचा रामकिशन दरवर्षी एक लीग भरवायचा. वजिराबादेत त्याचं गेमिंगचं सेंटर होतं. मराठवाड्यातली आठ-दहा पथकं त्यात खेळायची, आणि हा एकच महिना असा की कानात पूर्ण वेळ मराठी ऐकू यायची. यंदा रामकिशननं नवा नियम केला होता. पथकात पाच जण हवेत, आणि त्यातले दोन यंदाच खेळायला लागलेले हवेत. नसतील तर पथकाचं नाव खोडणार, आणि ज्याच्यामुळं दुसऱ्याचा नवा माणूस खेळ सोडून गेला त्या पथकाचंही. "नवं माणूस टिकवणार न्हाई तो खेळ टिकवणार न्हाई," असं त्यानं सगळ्यांना कळवलं होतं. त्याचं चूक नव्हतं. पण लीग तोंडावर आली होती आणि टिटवीत नव्यांच्या नावानं शंख होता.

बाहेरच्या माणसाला वाटेल, खोडलं नाव तर काय मोठं झालं? पण गंजगोलाईत रुद्राणी ही अमृतअप्पांची लेक होती, पितळेचा भाव तोंडपाठ असणारी. आभाळात ती कॅप्टन होती. तिनं "वळा" म्हटलं की चार विमानं वळायची. टिटवी गेली असती तर दुपारच्या माशा तेवढ्या उरल्या असत्या.

"दोष कुणाचा सांगू का?" त्या संध्याकाळी विनोद हेडफोनवर म्हणाला. "महांतेशअण्णाचा. आनंदराज बिचारा पंख कुठं आन् शेपूट कुठं बघून राहिला होता, आन् अण्णा त्याच्या कानात पंचनामा करून राहिला होता."

"मग काय आरती करू?" महांतेश उखडला. "इल्ला इल्ला, न्हाई न्हाई म्हणून वरडलो मी. डावीकडं जाऊ नको म्हणलं, डावीकडंच गेला. म्हशीला कळतं ते."

"म्हशीला तू विमान दिलं असतं तर म्हस बी गेली असती."

"गप बसा दोघं," रुद्राणी म्हणाली. पण तिला माहीत होतं, ती स्वतःही काही कमी नव्हती. नव्यानं चूक केली की तिच्या तोंडून "च्यक" असा आवाज निघायचा. तो तिला ऐकू यायचा नाही. नव्याला मात्र गोळीसारखा लागायचा.

त्याच आठवड्यात गल्लीतल्या मठात शिवनाम सप्ताह बसला होता. संध्याकाळी शिवकीर्तन. अमृतअप्पा टाळकऱ्यांतले जुने. गुडघे दुखायचे म्हणून रुद्राणी त्यांना सोडायला गेली आणि चहाचा थर्मास मांडीशी धरून बायकांच्या बाजूला बसली. कीर्तनाचं एक सुख असतं. माणूस ज्या कामाला आलेलं असतं ते विसरतं आणि ज्या कामाला यायला हवं होतं ते त्याला सापडतं. महाराजांनी चाल उचलली, मृदंग घुमला, टाळकऱ्यांच्या रांगेनं परत परत येणारं ध्रुपद झेललं आणि मठाच्या पत्र्यांना कंप सुटला.

रांगेत एक नवे गृहस्थ होते. बँकेतले साहेब, नुकताच टाळ गळ्यात घातलेले. त्यांचा टाळ सारखा चुकत होता. सगळ्यांचा खाली आला की त्यांचा वर. रुद्राणीच्या तोंडून "च्यक" निघणार, एवढ्यात तिनं पाहिलं की रांगेतलं कुणीच साहेबांकडं बघत नाही. उलट त्यांच्या दोन्ही अंगांच्या म्हाताऱ्यांनी, त्यातले एक अप्पा, आपले टाळ जरा जोरात वाजवायला घेतले होते. साहेबांची चूक त्या आवाजात विरघळून गेली. थोड्या वेळानं साहेबांचा हात आपोआप त्या दोन हातांसारखा चालायला लागला. चालायला लागला हे त्यांनाही कळलं नसावं.

शेवटी टाळ खाली ठेवले गेले आणि सगळे एकमेकांच्या पाया पडले. सत्तरीला टेकलेले अप्पा साहेबांच्या पायांवर वाकले, साहेब गडबडून अप्पांच्या.

घरी येताना तिनं विचारलं, "अप्पा, ते साहेब एवढे चुकत होते, कुणी सांगितलं कसं न्हाई?"

"कीर्तन चालू असताना सांगत असतेत का?" अप्पा म्हणाले. "चुकलेल्याकडं बघायचं न्हाई. बघितलं की त्यो टाळ ठिवतो आन् चपला हुडकतो."

"आणि मधे का उभं केलं? नवा माणूस कडेला असतो की."

"कडेला चपला जवळ असतेत, बाई."

"मग शिकतो कसा?"

"पहिलं त्यानं वाजवायचंच न्हाई. नुसतं ध्रुपद म्हणायचं, सगळ्यांबरोबर. तोंड लागलं की हात लागतो. आमचे जुने टाळकरी सिद्रामप्पा म्हणायचे, माणूस गळ्यानं आत येतं."

रुद्राणीनं रस्त्यात उभं राहून अप्पांच्या खांद्यावरचा थर्मासचा पट्टा नीट केला. त्याची काही गरज नव्हती. पण डोक्यात काही उजाडलं की हाताला काहीतरी करावं वाटतं.

दुसऱ्या दिवशी टिटवीत नवी रीत सुरू झाली. नव्यानं गोळी झाडायचीच नाही. जुन्या दोघांच्या मधोमध उडायचं आणि दिसेल ते बोलायचं. "उजवीकडं एक." "ढगामागं काहीतरी हाय." तो बोलला की बाकीच्यांनी त्याचंच वाक्य मोठ्यानं म्हणायचं आणि त्याप्रमाणं वळायचं. चुकीचं सांगितलं तरी वळायचं. आणि पडला तर कुणी ब्र काढायचा नाही.

"चुकीचं सांगितलं तरी?" महांतेश ओरडला. "आपण बी पडू की."

"पडू. आपल्याला पडायची सवय हाय, त्याला न्हाई."

विनोदनं आनंदराजला फोन लावला. आधी जय भीम झाला, मग तब्येतपाणी, मग मुखेडला बाजार कसा भरला होता ते, आणि मग म्हणाला, "आमच्या अण्णाचा माईक बिघडलाय, ये आज." माईक बिघडला नव्हता. महांतेशनं तोंडात सुपारी धरायचं कबूल केलं होतं.

आनंदराज आला. आणि विनोदनंच दुसरं माणूस आणलं. मुखेडच्या बसमध्ये त्याला भेटलेल्या कंडक्टर चांगुणाबाई. गाडी सुटायला वेळ असला की त्या फोनवर हाच गेम खेळत बसायच्या, एकट्याच, आणि एकट्याच पडायच्या.

"दिवसभर रस्त्यानं हादरे खाते," त्या पहिल्याच संध्याकाळी म्हणाल्या. "म्हणलं वर जाऊन बघावं. तिथं खड्डे न्हाईत."

चांगुणाबाईंना गोळी झाडता येत नव्हती, विमान सरळ ठेवता येत नव्हतं, पण गर्दीत कोण कुठं आहे हे सांगण्यात त्यांचा जन्म गेला होता. "डावीकडं दोघं चढले. मागं एक लोंबकळालाय. वरचा पुढं सरकला बघा, मॅडम." त्यांच्या तोंडून आभाळाची एसटी झाली. बाकीच्यांनी त्यांचं ध्रुपद धरायचं आणि वळायचं. आणि खरंच सांगायचं तर, चांगुणाबाई फारशा चुकायच्या नाहीत.

आनंदराज पहिल्या दिवशी तीनदा पडला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. महांतेशच्या सुपाऱ्या संपत होत्या. चौथ्या-पाचव्या दिवशी आनंदराजनं पहिल्यांदा एक विमान पाडलं, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं महांतेशच ओरडला आणि सुपारी कीबोर्डवर पडली.

इथवर देवानं सगळं सुरळीत केलं होतं. घोळ केला तो रुद्राणीनं.

कीर्तनाच्या शेवटचं ते पाया पडणं तिच्या मनातून जाईना. तिला वाटलं, आपण कुणाला पाडतो आणि निघून जातो. हे काही बरं नाही. पडलेलाही कुणाचा तरी आनंदराजच असेल. म्हणून तिनं आणखी एक रीत घातली. ज्याला पाडलं त्याच्यावरून एक फेरी मारायची, विमानाचं नाक खाली करायचं आणि पंख दोनदा हलवायचे. नमस्कार.

विनोद तेव्हाच म्हणाला होता. "कॅप्टनबाई, एक सांगू का? काही टारगट लोक असे पंख चिडवायला हलवतेत."

"आपण चिडवायला न्हाई हलवत. भाव शुद्ध असला की झालं."

"समोरच्याला भाव कुठं दिसतो? पंख दिसतेत."

पण रुद्राणीचा आवाज त्या वेळी कीर्तनातनं उठलेल्या माणसासारखा होता. तशा माणसाशी कोण वाद घालणार?

लीग सुरू झाली. पहिला सामना परभणीच्या पथकाशी, टिटवी जिंकली. दुसरा नांदेडच्या 'गोदाकाठ'शी, तोही जिंकला. प्रत्येक पडलेल्या विमानावर टिटवीनं भक्तिभावानं फेरी मारली आणि वाकून पंख हलवले. चांगुणाबाईंना अजून नीट वाकता यायचं नाही. त्या उलट्याच व्हायच्या.

तिसऱ्या दिवशी रामकिशनचा फोन आला. रुद्राणी एका गिऱ्हाइकाला कुकरची शिट्टी दाखवत होती.

"ताई, तुम्ही हे काय सुरू केलंय?" रामकिशन म्हणाला. "गोदाकाठची दामिनी खेळ सोडून गेली. नवीन होती. आता त्यांच्याकडं चारच उरले. तिनं मला सांगितलं, टिटवीवाले माणूस मेल्यावर त्याच्या छातीवर नाचतेत म्हणून."

रुद्राणीच्या हातातली शिट्टी तशीच राहिली. "अहो, तो नमस्कार होता."

"मला सांगून काय फायदा? नियम तुम्हाला ठाऊक हाय. ज्याच्यामुळं नवा माणूस गेला ते पथक बाहेर. तरी मी रविवारी सगळ्यांना सेंटरवर बोलावलंय. दामिनीताईंना बी हातापाया जोडून यायला लावतो. तिथं काय ते होऊ द्या."

संध्याकाळी टिटवीत विमान कुणी उचललंच नाही. पाचही जण नुसते हेडफोन घालून बसले होते.

"नमस्काराला नाच म्हणणाऱ्याचं डोस्कं तपासा," महांतेश म्हणाला. आज सुपारी नव्हती. "मी जाऊन सांगतो, आमच्यात असं असतंय म्हणून. ज्याला कळत न्हाई त्याचा दोष."

"मी एक बोलू का मॅडम?" चांगुणाबाईंनी विचारलं. "गाडी फुल्ल भरलेली असती. थांब्यावर माणूस हात करत उभं असतंय. आपण थांबवू शकत न्हाई. म्हणून एकदा मी खिडकीतनं त्याला हात जोडले. मनातनं जोडले हो, माफ कर बाबा म्हणून. त्यानं दगूड उचलला."

कुणी हसलं नाही. मग आनंदराज हळूच हसला आणि मग सगळेच.

"का उचलला दगड?" विनोदनं विचारलं.

"मी बसून हात जोडले आन् तो उन्हात उभा होता. त्याला वाटलं, जागा मिळाली न्हाई म्हणून ही चिडवती. त्याच्या जागी मी असते तर मला बी तसंच वाटलं असतं."

 मठातली सतरंजी रुद्राणीच्या डोळ्यांसमोर आली. अप्पा वाकले होते ते टाळ खाली ठेवून, त्याच सतरंजीवर, साहेबांच्या पायांच्या पातळीवर. तिनं मात्र वरून नमस्कार केला होता, खाली जळणाऱ्या माणसाला. असा नमस्कार देवालाही आवडला नसता.

"चूक माझी हाय," ती म्हणाली. "विनोददादा, तू सांगितलं होतंस."

"जाऊ द्या," विनोद म्हणाला. "मी सांगितलेलं माझ्या घरात बी कुणी ऐकत न्हाई."

रविवारी सकाळी रुद्राणी लातूरहून निघाली. अहमदपूर, लोहा करत नांदेडला पोचेपर्यंत तिनं मनात माफीचे चार प्रकार जुळवले आणि चारही मोडले. सेंटरवर टिटवी पहिल्यांदाच समोरासमोर भेटली. महांतेश आवाजावरून राक्षस वाटायचा, तो निघाला काडीसारखा. आनंदराज त्याच्या दुप्पट होता. चांगुणाबाई सुटीच्या दिवशीही दारात उभ्या राहून आत येणाऱ्यांना "चला, आत सरका, वाट आडवू नका" म्हणत होत्या.

रामकिशन एका खुर्चीवर बसला होता, तोंड अवघडलेलं. "हे बघा, मी सेंटर चालवतो, कोर्ट न्हाई," तो म्हणाला. "पण नवं माणूस गेलं की मला ते सोडून देता येत न्हाई. दामिनीताई, तुम्हीच बोला."

दामिनी पस्तिशीची, गळ्यात अजून मापाची पट्टी. तिचं ब्लाऊज शिवायचं दुकान होतं आणि ती ते अर्धं उघडं टाकून आली होती.

"मी पडले त्याचं काही न्हाई," ती म्हणाली. "पडायचंच होतं, नवीन हाय मी. पण माझी पोरगी शेजारी बसून बघत होती. तुम्ही वर येऊन पंख हलवले, तेव्हा ती म्हणाली, आई, ते तुला हसायलेत. मग मी बंद केलं. पोरीसमोर कोण कशाला हसू करून घेईल?"

महांतेशनं तोंड उघडलं. "अहो, पण आमच्यात तो—"

"अण्णा," रुद्राणी म्हणाली, आणि महांतेशनं तोंड मिटलं. ती पुढं झाली. "चूक माझीच हाय, ताई. ह्यांची कुणाची न्हाई. मला आधी सांगितलं होतं, मी ऐकलं न्हाई." आणि ती दामिनीच्या पायांवर वाकली.

दामिनी दोन पावलं मागं सरली. "नका, नका. परत तेच करायलात तुम्ही. सगळे बघायलेत."

रुद्राणी अर्धी वाकलेली तशीच थांबली. खरंच सगळे बघत होते. गोदाकाठचे चौघे, परभणीवाले, दारात उभे राहिलेले दोन अनोळखी. तिला पहिल्यांदा कळलं की पाया पडणंही कुणाच्या तरी अंगावर टाकता येतं.

ती सरळ झाली. "मग काय करू, सांगा."

दामिनीनं मापाची पट्टी बोटाला गुंडाळली, सोडली. "मला पाडलं कसं ते दाखवा," ती म्हणाली. "मी सगळीकडं बघत होते. मागं बघितलं, खाली बघितलं. तुम्ही आलात कुठनं ते मला आजवर कळलं न्हाई. रात्रंदिवस तेच डोक्यात हाय. मशीन चालवताना बी तेच."

महांतेश मान जोरात हलवून रुद्राणीला नको नको खुणावायला लागला. कारण रुद्राणीचा तो डाव टिटवीतसुद्धा फक्त तिघांना ठाऊक होता, आणि पुढच्या फेरीत गोदाकाठ परत समोर येऊ शकत होतं. शेजारच्या पथकाला आपला डाव देणं म्हणजे भांड्याच्या दुकानदारानं खरेदीचा भाव सांगण्यासारखं.

रुद्राणीनं दोन खुर्च्या एका स्क्रीनसमोर ओढल्या. "बसा."

आणि तिनं सगळं दाखवलं. सूर्य कुठं असतो ते आधी बघायचं. मग उंच जायचं, इतकं की समोरच्याला वाटावं ही पळाली. मग इंजिनाचा जोर कमी करायचा आणि उजेडातनं खाली उतरायचं. "तुम्ही मागं बघत होता, ताई. मी तुमच्या समोर होते. पण उन्हाकडं कुणी बघत न्हाई, डोळे दिपतेत."

"म्हणजे समोरच होतात?"

"समोरच."

दामिनीनं स्क्रीनवरच्या सूर्यावर बोट ठेवलं. "बाई गं," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातलं काहीतरी सैल झालं. "मी करून बघू का?"

"बघा की. अण्णा, तुम्ही बसा समोर."

"मीच का?" महांतेश म्हणाला, पण बसला.

पहिल्या खेपेला दामिनी उंच जाता जाता थांबली आणि दगडासारखी खाली आली. दुसऱ्या खेपेला तिनं सूर्य डाव्या हाताला धरला आणि महांतेशनं तिला पाडलं. महांतेशनं पाडलं आणि काही न करता सरळ निघून गेला, दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर ठेवून, जणू हात दिसले तरी गुन्हा होईल. तिसऱ्या खेपेला चांगुणाबाईंना राहवेना. त्या दामिनीच्या खुर्चीमागं जाऊन उभ्या राहिल्या. "अजून वर. अजून. आता तो खाली हाय बघा, पिपळाच्या सावलीत बसल्यासारखा. जोर कमी करा. आता उतरा."

"ओ चांगुणाबाई, तुम्ही कुणाच्या पथकात हाव?" महांतेश ओरडला.

"गाडीत जो चढला तो आपला पॅसेंजर," चांगुणाबाई म्हणाल्या.

महांतेशच्या स्क्रीनवर पांढरा उजेड पसरला, मग लाल. "अय्यो," तो एवढंच म्हणाला.

दामिनी स्वतःच दचकली. तिनं कीबोर्डवरचे हात उचलून छातीशी धरले, जसं गरम भांड्याला हात लागावा. मग तिनं शेजारी वळून बघितलं. ती हसत होती.

रामकिशननं घसा साफ केला. "टिटवीचे पहिले दोन्ही विजय रद्द," तो म्हणाला. "हे व्हायला पायजे, नाहीतर उद्या कुणी बी काही बी करेल. पथकाचं काय करायचं ते दामिनीताईंवर हाय. त्या गोदाकाठला परत येत असतील तर कुणामुळं कुणी गेलेलं न्हाई. मग मला नाव खोडायचं कारण न्हाई."

गोदाकाठचे चौघे दामिनीकडं बघायला लागले. आनंदराजनं डोळे मिटून घेतले.  रुद्राणीच्या मनात बोलावं असं खूप होतं. दोन विजय गेले ते गेले, तेवढं तरी उरू दे, असंही होतं. पण ज्याचा निर्णय त्यानंच घ्यायचा असतो, त्याच्या तोंडात आपले शब्द घालू नयेत, हे तिला आज कुठं उमगलं होतं.

दामिनीनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. दुकान उघडं टाकून आल्याचं तिला आठवलं असावं. ती उठली, पर्स घेतली, आणि दारापर्यंत जाऊन थांबली.

"दुपारी तीनच्या पुढं माझ्याकडं गिऱ्हाईक नसतं," ती रुद्राणीला म्हणाली. "तुमच्याकडं?"

"माझ्याकडं बी नसतं."

"मग उद्या तीनला आभाळात या, मी गोदाकाठकडनं येते. ह्या अण्णाला पाडून झालं, तुम्हाला पाडायचं राहिलंय. आणि पोरीला शेजारी बसवणार हाय मी, सांगून ठेवते."